खुनाची आगाऊ जाहिरात आणि दाराला कुलूप नसलेले गाव : 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' तुम्हाला कशी वाटली?

आडवाट

अगाथा ख्रिस्ती यांची १९५० साली प्रसिद्ध झालेली 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' ही कादंबरी मी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा वाचली. या वेळी पुस्तक मिटल्यावर खुनी कोण यापेक्षा वेगळाच प्रश्न मनात राहिला. छोटेसे गाव, एकमेकांना ओळखणारी माणसे, संध्याकाळचा चहा, पडद्याआड उरकलेला रक्तपात आणि शेवटी सगळे पुन्हा सुरळीत, अशा ज्या रहस्यकथांना हल्ली 'कोझी' म्हणतात, त्यांचा हा अस्सल नमुना मानला जातो. पहिल्या दोन्ही वाचनांत मलाही तो तसाच वाटला होता. तिसऱ्या वाचनात मात्र वाटू लागले की ही सगळी ऊब बाईंनी आपल्याला गाफील ठेवण्यासाठीच पसरून ठेवली आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सुरुवात सांगते. चिपिंग क्लेगहॉर्न या काल्पनिक इंग्लिश गावात शुक्रवारी सकाळी घरोघरी स्थानिक गॅझेट येऊन पडते. त्यातल्या छोट्या जाहिरातींत एक निवेदन असते : आज, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता 'लिटल पॅडॉक्स' या घरी खून होणार असून स्नेह्यांनी हेच निमंत्रण समजावे. घाबरण्याऐवजी गावाला हा करमणुकीचा खेळ वाटतो आणि सहा वाजल्यानंतर एकेक शेजारी 'सहज इकडून जात होतो' अशा थाटात तिथे येऊन टेकतो. घराच्या मालकीण मिस ब्लॅकलॉक आपल्याला या जाहिरातीची कल्पनाच नाही असे म्हणतात, तरी लोक येणार हे ओळखून त्यांनी पेयांची तयारी ठेवलेली असते. साडेसहाचे ठोके पडतात, दिवे जातात, दार उघडते, टॉर्चचा झोत सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, 'हात वर' असा आवाज येतो आणि गोळ्या सुटतात. उजेड होतो तेव्हा टॉर्च घेऊन आलेला परका तरुणच मरून पडलेला असतो.

आता ज्या तपशिलाने मी अडखळले तो सांगते. येणारा पाहुणा, जणू ठरवून आल्यासारखा, एकच वाक्य बोलतो : अरे वा, तुम्ही सेंट्रल हीटिंग सुरू केलेले दिसते! पहिल्या वाचनात हे निव्वळ हवापाण्याचे बोलणे वाटते आणि तेच ते ऐकून हसूही येते. पण ज्या काळात कोळसा मोजून मिळत होता, त्या काळात ऑक्टोबरातच बॉयलर कोण पेटवेल? खोली उबदार असल्यामुळे शेकोटी पेटवलेली नाही आणि शेकोटी नाही म्हणून दिवे गेल्यावर खोलीत मिट्ट काळोख होतो. म्हणजे ज्या उबेचे कौतुक चालले आहे, तीच गुन्ह्याची पूर्वतयारी आहे, आणि ती आपल्याला चार-चार वेळा सांगूनही आपल्या लक्षात येत नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा : या कादंबरीला 'कोझी' म्हणणे तुम्हाला पटते का? खुन्याचे नाव मात्र कृपया कोणीही लिहू नये.

कंदील

आपला मुद्दा पटला. मी तो आणखी पुढे नेतो, कारण माझ्या मते या पुस्तकाचा खरा विषय खून नसून रेशनकार्ड आहे.

ब्रिटनमधले रेशनिंग १९४० साली सुरू झाले आणि १९५४ सालापर्यंत पूर्णपणे उठले नव्हते. कादंबरी घडते ती या टंचाईच्या मधल्या वर्षांत. तपासासाठी आलेला इन्स्पेक्टर क्रॅडक गावकऱ्यांना एक अगदी साधा प्रश्न विचारतो की अमुक घरात तुम्ही कशासाठी गेला होता, आणि एरवी मोकळेपणाने बोलणारी ही माणसे एकदम गुळमुळीत उत्तरे देऊ लागतात. वाचकाला वाटते की इथेच पाणी मुरते आहे. प्रत्यक्षात भानगड निघते लोण्याची. पाद्र्यांची पत्नी बंच त्याला समजावून सांगते की गुरुवारी एका शेतावर लोणी काढतात, एक बाई ते घेऊन घरोघर पोहोचवते, त्या बदल्यात कोणी बागेतली भाजी देतो आणि कोणाकडे डुक्कर कापले गेले तर त्यातला वाटा फिरतो. हे सगळे बेकायदा असल्यामुळे पोलिसापुढे कोणीच तोंड उघडत नाही.

हा प्रसंग विनोदी आहे, पण लेखिकेने तो विनोदासाठी घातलेला नाही. या देवाणघेवाणीमुळे गावातले कुठलेही दार दिवसा बंद नसते आणि मालक घरात असो वा नसो, कोणीही आत जाऊन वस्तू ठेवून येऊ शकतो. म्हणजे संशयितांची यादी एका झटक्यात अख्ख्या गावाएवढी होते. शेजारधर्म आणि गुन्ह्याची संधी या दोन्ही गोष्टी एकाच उघड्या दारातून आत येतात, आणि हे लोण्याच्या एका गोळ्यावरून दाखवून देणे मला फार मोठे कसब वाटते.

टाचण

मी विरुद्ध बाजूने बोलतो. वातावरण उत्तम आहे, संवाद उत्तम आहेत, पण रचनेत मला एक मोठी खोट दिसते. (ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांनी माझा पुढचा परिच्छेद वगळावा.)

या कादंबरीत एकाच छपराखाली एकाहून अधिक माणसे खोट्या ओळखीने राहतात. एकाने तसे करणे मी मान्य करीन, दुसऱ्याकडेही डोळेझाक करीन. पण त्यानंतर ती युक्ती न राहता सवय होते. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांतला शेवटचा नियम असा आहे की जुळी भावंडे किंवा तोतये आणायचे असतील तर वाचकाला त्याची रीतसर पूर्वकल्पना दिलेली असावी. ख्रिस्तीबाई तशी कल्पना देतात हे मी नाकारत नाही, तरीही योगायोगाचे इतके ओझे एका घराने किती पेलावे? खुनाचा उलगडा झाल्यावर मला समाधान वाटले, पण इतर उलगड्यांच्या वेळी मी चक्क पाने चाळली.

कंदील

टाचण, आपला आक्षेप रास्त आहे, परंतु तो योगायोग आहे असे मला वाटत नाही. या प्रकरणाचा छडा लावणाऱ्या वृद्ध हौशी शोधक मिस मार्पल इन्स्पेक्टरशी जे बोलतात ते पुन्हा वाचावे. पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोणाचा हे सर्वांना ठाऊक असे. नवा माणूस आलाच तर कोणाच्या तरी ओळखीने, शिफारसपत्र घेऊन येई. युद्धानंतर मोठी घरे विकली गेली, हिंदुस्थानातून आणि इतर वसाहतींतून परतलेली माणसे मिळेल तिथे स्थायिक झाली आणि आता शेजाऱ्याबद्दल आपल्याला माहीत असते ते फक्त त्याने स्वतःबद्दल सांगितलेले. क्रॅडक मनाशी म्हणतो की त्यांच्याकडे ओळखपत्रे आहेत, नीटनेटकी, क्रमांक घातलेली, पण त्यांच्यावर ना छायाचित्र ना बोटांचे ठसे. ही ओळखपत्रे १९३९ साली युद्धाबरोबर आली आणि १९५२ साली रद्द झाली, म्हणजे पुस्तक आले तेव्हा प्रत्येक इंग्लिश वाचकाकडे ते कार्ड होतेच.

अशा गावात एकच तोतया सापडला असता तर उलट तो अपवाद ठरला असता. लेखिकेला म्हणायचे आहे ते नेमके याच्या उलट. आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो की गावातले कर्नल ईस्टरब्रुक हे असेच हिंदुस्थानात नोकरी करून आलेले गृहस्थ असून त्यांच्या तोऱ्याकडे गाव कौतुकाने आणि थोड्या संशयाने बघते. साम्राज्य आटोपल्यावर साहेब घरी गेला तेव्हा त्याच्या गावाने त्याला ओळखलेच नाही, हे चित्र आपल्याकडच्या पुस्तकांत फारसे वाचायला मिळत नाही.

टाचण

कर्नलचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मान्य. चाळलेली पाने मात्र चाळलेलीच राहतील.

पानगळ

मला या पुस्तकातल्या मित्झीबद्दल लिहायचे आहे, कारण ती या सगळ्या उबेच्या बाहेर उभी आहे आणि तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

मित्झी ही मध्य युरोपातून आलेली निर्वासित मुलगी. लिटल पॅडॉक्समध्ये ती स्वयंपाक करते. आपल्या माणसांना मारले गेले, आपला छळ झाला, आता इथेही आपल्याला मारायला माणसे येतील, असे ती सतत ओरडून सांगत असते आणि घरातली सगळी माणसे तिला खोटारडी, नाटकी, डोकेदुखी समजतात. लेखिकाही बहुतेक ठिकाणी त्यांच्याच सुरात सूर मिसळते. १९५० साली युद्ध संपून अवघी पाच वर्षे झाली होती. अशा वेळी एका निर्वासित मुलीच्या भीतीवर विनोद करावा, हे मला पहिल्या वाचनातही खटकले होते आणि आजही खटकते. खून होणार ही जाहिरात वाचून खरोखर घाबरणारी ती जवळजवळ एकटीच, आणि तिचेच म्हणणे खरे ठरते.

त्याच मित्झीच्या हातचा तो प्रसिद्ध चॉकलेट केक. घरातला तरुण पॅट्रिक त्याचे नाव 'डिलिशस डेथ' ठेवतो. साखर, लोणी, चॉकलेट, मनुका यांपैकी काहीही सहज मिळत नसताना डोरा बनर या गरीब, विसराळू, भाबड्या मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी तो केला जातो. डोराने आयुष्यभर नोकऱ्यांसाठी अर्ज लिहिले आहेत, फाटके कपडे शिवून वापरले आहेत आणि कोणाला आपली कीव येऊ नये म्हणून धडपड केली आहे. ती त्या दिवशी लहान मुलासारखी खूश असते. त्याच रात्री उशाशी स्वतःची गोळ्यांची बाटली सापडत नाही म्हणून ती दुसऱ्या बाटलीतली अ‍ॅस्पिरिन घेते आणि पुन्हा उठत नाही. केक निर्दोष होता. कादंबरी वाचताना सगळे त्या केकबद्दलच बोलतात, आणि डोराचा वाढदिवस साजरा करण्याची कल्पना कोणाची होती, हे मात्र विसरतात.

मित्झीला न्याय द्यायचा तर एवढे सांगायला हवे की शेवटी सर्वांत धोक्याचे काम तीच करते. पण ते धाडस लेखिकेने तिला फार उशिरा दिले.

सांजवात

पानगळ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. एक किरकोळ भर : बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला, विणकाम करणारी आणि संधिवाताने त्रस्त असलेली म्हातारी गुन्हेगार पकडते हे पचायला बराच वेळ लागला होता. मिस मार्पल या पुस्तकात येतात त्याही संधिवातावर उपचार घेण्यासाठी एका हॉटेलात उतरलेल्या असतात म्हणून. तिथल्या परदेशी कर्मचाऱ्याने त्यांच्या सात पौंडांच्या धनादेशावर खाडाखोड करून सतराचा आकडा केलेला असतो, आणि पुढे मरून पडलेला तरुण तोच निघतो. जो माणूस असल्या चिल्लर लबाड्या करतो तो पिस्तूल घेऊन भरल्या घरात शिरेल का, एवढ्या साध्या शंकेतून त्या अख्खे प्रकरण उलगडत नेतात.

दौत

मी इंग्रजीतून मराठीत अनुवादाची कामे करतो, त्यामुळे हे पुस्तक वाचताना माझे निम्मे लक्ष 'हे मराठीत कसे आणावे' याच विवंचनेत असते. इथून पुढे रहस्यभेद आहे. नाव घेत नाही, परंतु चाणाक्ष वाचकाला अंदाज येईल, म्हणून आधीच सावध करतो.

या कादंबरीतले महत्त्वाचे दुवे भाषेत लपवलेले आहेत. एका इंग्रजी शब्दाचे वर्णलेखन दोन पत्रांत दोन प्रकारे येते. फरक फक्त एका स्वराचा. मराठीत याला तोड म्हणून मी बराच विचार केला आणि मला वाटते की आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम लागू होण्यापूर्वी 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार देऊन लिहिण्याची रीत होती. जी व्यक्ती आयुष्यभर 'कांहीं' लिहीत आली तिच्या नावावरच्या ताज्या चिठ्ठीत 'काही' असे दिसले, तर मिस मार्पलना ते तत्काळ खुपेल. हाताची सवय सही बदलून बदलत नाही.

दुसरा दुवा लाडक्या नावाचा. डोरा बोलता बोलता एका नावातला स्वर चुकवते आणि आपण ती तिच्या गोंधळलेल्या डोक्याची खूण समजून पुढे जातो. मराठी आवृत्तीत तर वाचक तो छपाईचा दोष समजेल, कारण तेवढा सराव आपल्याला पुस्तकांनी दिलेलाच आहे. अनुवादकाला इथे आयतीच मदत होते. फक्त मुद्रितशोधकाला आधी बाजूला घेऊन सांगावे लागेल की बाबा, हे दुरुस्त करू नकोस.

तिसरा दुवा मात्र मला हरवतो. मिस हिंचक्लिफ आणि मिस मर्गट्रॉइड या दोघी एका घरात राहतात, कोंबड्या पाळतात आणि गाव त्यांना जोडीनेच ओळखते. खोलीत दिवे गेले तेव्हा मर्गट्रॉइड उघडलेल्या दाराच्या मागे होती. त्यामुळे टॉर्चचा झोत तिच्या डोळ्यांवर आलाच नाही आणि झोत जिथे जिथे फिरला ते चेहरे तिला दिसले. हे तिला स्वतःलाही ठाऊक नसते. हिंच तिला दार, टॉर्च सगळे मांडून तो प्रसंग पुन्हा करायला लावते, कोण कोण दिसले ते आठवायला सांगते, आणि तेवढ्यात फोन आल्याने गाडी काढून निघते. मर्गट्रॉइड मागून धावत येते आणि ओरडते : 'शी वॉजन्ट देअर!' पुढे मिस मार्पल विचारतात की आघात कोणत्या शब्दावर होता? 'ती' वर, 'नव्हती' वर की 'तिथे' वर? तिन्हींचे अर्थ वेगळे होतात आणि हिंचला ते नीट आठवत नाही.

इंग्रजीत शब्दांचा क्रम न बदलता केवळ आवाजाने हा फरक होतो, त्यामुळे कागदावर तो लपून राहतो. मराठीत मात्र आपण शब्द हलवतो आणि 'च' लावतो. 'तीच नव्हती तिथे' लिहिले की रहस्य फुटले. 'ती तिथे नव्हती' लिहिले की वाक्य इतके सपाट होते की मिस मार्पलच्या प्रश्नात दमच राहत नाही. वाचकाने ठरवायचे ते अनुवादकाला आधीच ठरवून टाकावे लागते.

सांजवात

मर्गट्रॉइडचा प्रसंग निघाला म्हणून लिहिते, कारण 'कोझी' या शब्दाबद्दल माझे मत या एका पानावर ठरले. पाऊस सुरू होतो म्हणून ती दोरीवरचे वाळत घातलेले कपडे गोळा करायला बाहेर येते. कोणीतरी ओळखीचे माणूस येते, तुमचा रुमाल सरकला आहे, मी नीट करते, अशा अर्थाचे काही बोलते, आणि त्याच रुमालाने तिचा गळा आवळला जातो. हिंच स्टेशनवरून एक कुत्रा घेऊन परत येते आणि तो कुत्राच त्या कपड्यांजवळ जाऊन थांबतो. एवढ्या भारदस्त, रांगड्या, कोणाची पर्वा न करणाऱ्या बाईचा चेहरा त्यानंतर कसा होतो ते लेखिकेने मोजक्या शब्दांत लिहिले आहे. मी तिथे पुस्तक खाली ठेवले होते.

या पानाला उबदार म्हणायचे असेल तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

टाचण

तरीही मी म्हणेन की हा प्रकार 'कोझी'च आहे, कारण त्यानंतर लवकरच सगळे पुन्हा दिवाणखान्यात जमतात. मला त्याबद्दल तक्रार नाही. दुःखासाठी हिंचला एखादे अख्खे प्रकरण मिळाले असते तर ते पुस्तक वेगळे झाले असते आणि कदाचित इतक्या लोकांनी वाचले नसते.

पानगळ

टाचण, शेवटच्या प्रकरणांत हिंच गुन्हेगारावर धावून जाते, ते विसरू नका. शोक करायला पाने मिळाली नाहीत तरी तो राग बाईंनी कापलेला नाही.

आडवाट

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी पहिले प्रकरण पुन्हा उघडले. कंदील यांनी कागदी ओळखीचा जो मुद्दा मांडला, त्याची सुरुवात पहिल्याच पानावर झालेली आहे. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा सायकलवरून घरोघर फिरतो आणि कोणाच्या घरी कोणते वृत्तपत्र पडते यावरून आपल्याला माणसे कळतात. एका घरातला तरुण मुलगा साम्यवादी 'डेली वर्कर' घेतो, बाकीच्यांची आपापली पत्रे वेगळी. गॅझेट मात्र शुक्रवारी सगळ्यांकडे येते आणि सगळे आधी तेच उघडतात. आपण या गावाला भेटतो तेच मुळी त्याच्या दारात पडलेल्या कागदांवरून, आणि त्या कागदांवर आपण लगेच विश्वास ठेवतो.

टाचण यांच्या आक्षेपाकडे मी आता थोड्या अधिक आदराने बघते आहे. दौत यांना एक प्रश्न : मर्गट्रॉइडच्या त्या वाक्यावर तुम्ही शेवटी काय तोडगा काढाल?

दौत

बरेच दिवस उत्तर नव्हते. काल रात्री तो परिच्छेद मोठ्याने वाचून पाहिला तेव्हा लक्षात आले की हे वाक्य ती शांतपणे बोलत नाही, निघालेल्या गाडीमागे धावत, धाप लागलेल्या आवाजात ओरडते आहे. मराठी माणूस असा ओरडतो तेव्हा क्रियापद आधी येते. 'नव्हती ती तिथे!' यात जोर पहिल्या शब्दावर पडल्यासारखा वाटतो, पण 'ती' आणि 'तिथे' हे दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून मागे राहतात आणि त्यांतला कोणता महत्त्वाचा ते नुसत्या वाचनातून ठरवता येत नाही. मिस मार्पलनी हिंचला तिन्ही प्रकारे म्हणून दाखवायला सांगितले तर हिंच मराठीतही तितकीच गोंधळेल. सध्या तरी मी तिथेच थांबलो आहे. कोणाला याहून बरे सुचले तर जरूर सांगावे.